सिनेमा संपल्यावर

दादासाहेब फाळके यांचा पहिला चित्रपट कोणता, असा प्रश्न शाळेतल्या प्रश्नमंजूषेत विचारला, तर शंभरातली नव्व्याण्णव मुले 'राजा हरिश्चंद्र' असे उत्तर देतील आणि त्यांना पूर्ण गुणही मिळतील. १९१३ सालचा तो पहिला कथापट, हे खरेच. पण त्याच्या आदल्या वर्षी, इंग्लंडहून कॅमेरा घेऊन परतल्यावर, फाळक्यांनी एक इवलासा चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर रोखला आणि महिनाभर त्या कोंबाची थोडी थोडी चित्रे घेतली. ती चित्रे एकामागून एक पडद्यावर धावली तेव्हा बी रुजले, कोंब वर आला, रोप वाढले. सारे काही मिनिटा-दोन मिनिटांत. 'अंकुराची वाढ' हे त्याचे नाव. हा चित्रपट त्यांनी घरच्यांना, मित्रांना आणि पैसे लावू शकतील अशा मंडळींना दाखवला आणि पुढच्या चित्रपटासाठी भांडवल मिळवले. वाटाण्याचे रोप दाखवून कर्ज उभे करणारा हा देशातला पहिलाच कर्जदार असावा. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला या गोष्टीचे कौतुक जरा अधिकच वाटते.

गमतीचा भाग सोडला तरी एक गोष्ट उरतेच. आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवात निसर्गपटाने झाली. तो एकमेकांना ओळखणाऱ्या मोजक्या माणसांनी एकत्र बसून पाहिला आणि तो पाहून झाल्यावर त्या माणसांनी काहीतरी ठरवले. आज निसर्गपटांना तोटा नाही. तोटा आहे तो एकत्र बसण्याचा आणि पाहून झाल्यावर काही ठरवण्याचा.

टिटवाळ्यासारख्या गावाबद्दल बोलताना हे सांगायला विशेष कारण आहे. एकत्र बसून पडद्यावरची चित्रे पाहण्याची आपल्या भागातली परंपरा फाळक्यांच्याही आधीची आहे. टिटवाळ्याहून लोकलने तीन स्टेशने मागे गेले की कल्याण. या कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' नावाचा खेळ सुरू केला. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा आणि पुढे पांढरा पडदा. चित्रांबरोबर कथा सांगणारा असे, गाणे-बजावणे असे. पौराणिक प्रसंगांचे हे खेळ पटवर्धन मंडळींनी गावोगावी केले. चित्र नुसते दाखवायचे नसते, त्याच्या बाजूला उभे राहून कोणीतरी ते आपल्या भाषेत सांगायचे असते, हे त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी ठाऊक होते.

त्यानंतरच्या पिढ्यांनी हा पडदा गणपतीच्या दिवसांत पाहिला. दोन चाळींच्या मध्ये किंवा गल्लीच्या तोंडाशी बांबू रोवून चादर ताणली जाई, सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर टेबलावर चढे आणि रीळ तुटले की सगळी गल्ली एका सुरात ओरडे. पुढे जागा मिळाली नाही तर माणसे पडद्याच्या मागे बसत. त्यांना नायक डावखुरा दिसे आणि श्रेयनामावली उलटी, पण तक्रार कोणाची नसे. गावाकडे सरकारच्या क्षेत्रीय प्रचार विभागाची गाडी येई. कुटुंबनियोजन, सुधारित बियाणे, वृक्षारोपण असे विषय असत आणि आधी किंवा नंतर एखादा भक्तिपट. शहरातल्या थिएटरांत मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट दाखवणे सक्तीचे होते. तो चुकवण्यासाठी बाहेर सामोसे खात थांबणारे बरेच होते. परंतु हत्ती, हंगूल किंवा फ्लेमिंगो ज्यांनी पहिल्यांदा तेथेच पाहिले, असेही कमी नव्हते.

ऐंशीच्या दशकात मी ग्रामीण शाखेत असताना अशी एक प्रचारगाडी आली होती. सामाजिक वनीकरणाचा जोर होता, आणि माहितीपट निलगिरीच्या लागवडीची महती सांगत होता. सरळसोट वाढ, झटपट पैसा. चित्रपट संपला, दिवा लागला आणि मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने विचारले, "त्याचा पाला गुरं खातात का?" गाडीबरोबर आलेल्या साहेबांनी नाही म्हटले. "सावली पडते का?" फारशी नाही. "मग त्याच्याखाली बसायचं कोणी?" लोक हसले, साहेबही हसले आणि गाडी पुढच्या गावी गेली. पण त्यानंतरचा आठवडाभर शाखेत येणारा प्रत्येक जण निलगिरीवरच बोलत होता. विहिरीजवळ लावावी की नाही, बांधावर चालेल का, त्यापेक्षा आंबा किंवा शिवण काय वाईट. माहितीपट ज्या हेतूने बनवला होता, त्याच्या बरोबर उलट काम त्याने केले होते. आणि ते चांगले काम होते. पुढे निलगिरीच्या सरसकट लागवडीवर देशभर टीका झाली. त्या म्हाताऱ्याला त्यासाठी कोणता अहवाल वाचावा लागला नव्हता.

तोच माहितीपट त्या म्हाताऱ्याने आज एकट्याने, नातवाच्या फोनवर पाहिला असता, तर प्रश्न त्याच्या मनातच राहिला असता.

१९९५ साली डिस्कव्हरी वाहिनी भारतात आली आणि निसर्गपट दिवाणखान्यात शिरला. पुढे तो फोनमध्ये शिरला. छायाचित्रणाची करामत अशी की, मुंगीच्या डोळ्यातले प्रतिबिंब दिसावे. मुलांचे ज्ञान वाढले, यात शंका नाही. चित्ता ताशी किती वेगाने धावतो, हे आमच्या नातवंडांना तोंडपाठ असते. उत्तर अमेरिकेतले सामन मासे अंडी घालायला नदीच्या प्रवाहाविरुद्ध उड्या मारत चढतात आणि अस्वल त्यांना झेलते, हे दृश्य कोणत्या घरात पाहिलेले नाही? पण मृगाचा पहिला दणका बसला की आपल्याकडच्या ओढ्या-नाल्यांतही मासे असेच उलटे चढतात. त्याला आपल्याकडे 'वलगण' म्हणतात. जाळ्या, टोपल्या घेऊन माणसे शेताच्या बांधावर जातात आणि पोटात गाबोळी असलेले मासे पकडतात. अंडी घालायला निघालेला मासा किती पकडावा, केव्हा थांबावे, हा निसर्गरक्षणाचा अस्सल प्रश्न आहे. तो काळू नदीच्या काठावर दर जून महिन्यात उभा राहतो, पण त्यावरचा चित्रपट आपल्या मुलांनी पाहिलेला नसतो. त्यामुळे निसर्ग म्हणजे दुसरीकडे कुठेतरी असलेली गोष्ट, अशी त्यांची समजूत होते. आफ्रिकेत असलेली, अलास्कात असलेली आणि इंग्रजी बोलणारी.

वास्तविक टिटवाळ्याइतके निसर्गाच्या उंबरठ्यावरचे गाव शोधून सापडणार नाही. काळू माळशेजच्या डोंगरांतून येते, मुरबाड तालुक्यातून वाहत टिटवाळ्यावरून जाते आणि उल्हासला मिळते. येथे कण्व मुनींचा आश्रम होता आणि शकुंतलेने येथे गणेशाची आराधना केली, अशी श्रद्धा आहे. महागणपतीला येणाऱ्या भाविकांना ती कथा माहीत असते. शकुंतला म्हणजे झाडांना पाणी घातल्याशिवाय स्वतः पाणी न पिणारी मुलगी, हे मात्र त्यांच्यापैकी किती जणांना आठवत असेल, कोण जाणे. टिटवाळ्यापुढचे चौथे स्टेशन आटगाव. तेथून तानसा अभयारण्य जवळ. शंभराहून अधिक वर्षे नामशेष झाला असे मानलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि २०१४ मध्ये तो या तानसाच्या जंगलात दिसला. जगातल्या अतिशय दुर्मिळ घुबडांपैकी एक आपल्या लोकलच्या मार्गावर राहते. याचा फलक एखाद्या स्टेशनवर लावला, तर पक्षिनिरीक्षकच काय, पासधारकही क्षणभर थांबतील.

चित्रपट पाहून खरेच काही होते का, ही शंका रास्त आहे. तिला उत्तर देताना दोन उदाहरणे जरा बारकाईने पाहावी लागतील.

पहिले गुजरातच्या किनाऱ्यावरचे. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. तो सौराष्ट्राच्या किनाऱ्याला येतो आणि तेथे त्याची मोठ्या प्रमाणावर शिकार होई. माईक पांडे यांनी त्यावर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट केला. २००० साली त्याला वन्यजीवपटांच्या जगातला मानाचा 'ग्रीन ऑस्कर' म्हणून ओळखला जाणारा पुरस्कार मिळाला आणि २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. माहितीपटाने कायदा बदलला, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण कायदा दिल्लीत बदलला होता. जाळे मात्र वेरावळच्या कोळ्याच्या हातात होते. तो मासा जाळ्यात सापडला तर हजारोंचे जाळे कापून त्याला सोडायचे कोणी आणि का? त्यासाठी २००४ मध्ये वेगळी मोहीम सुरू झाली. मोरारी बापूंनी सांगितले की, हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. किनाऱ्यावरच्या गावांत पथनाट्ये झाली, बैठका झाल्या, कापलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची सोय झाली. त्यानंतर कोळ्यांनी आपल्या हातांनी जाळी कापून शेकडो मासे सोडले. माहितीपटाने दार ठोठावले. ते उघडले गावाने, आणि तेही चार माणसे एकत्र बसल्यावर.

दुसरे उदाहरण नागालँडचे. सैबेरिया आणि चीनकडून आफ्रिकेकडे जाणारे अमूर ससाणे वाटेत दोयांग जलाशयाजवळ लाखोंच्या संख्येने उतरतात. २०१२ च्या ऑक्टोबरात तेथे त्यांची प्रचंड कत्तल चालल्याचे काही निसर्गप्रेमींनी चित्रित करून जगापुढे आणले. त्यांत शशांक दळवी हे आपल्याकडचे पक्षिअभ्यासकही होते. त्या एका हंगामात लाखाच्या वर पक्षी मारले जात असावेत, असा त्यांचा अंदाज होता. त्या चित्रफितीने देशभर खळबळ उडाली. परंतु पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, शिकार जवळजवळ शून्यावर आली ती केवळ खळबळीमुळे नव्हे. पांगती आणि आसपासच्या गावांनी आपल्या ग्रामसभांत ठराव केले, मुलांची निसर्गमंडळे निघाली, चर्चनेही साथ दिली. ज्यांच्या ताटातला घास जाणार होता, त्यांनी तो सोडण्याचे ठरवले. वर्षभरात एवढा पालट झाल्याची उदाहरणे जगात फार नाहीत.

दोन्ही ठिकाणी गोष्ट एकच दिसते. चित्रपट माणसाला हलवतो, पण हललेला माणूस एकटा असेल तर तो उसासा टाकून झोपी जातो. शेजारी दुसरा हललेला माणूस असेल, तर तो म्हणतो, "मग आपण काय करायचं?" सामुदायिक प्रदर्शनाचे सगळे मोल या एका वाक्यात आहे.

महाराष्ट्रात हे करून पाहणारे आहेत. या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्यात सुरू झालेला किर्लोस्कर वसुंधरा चित्रपट महोत्सव राज्यातल्या अनेक शहरांत पोहोचला. २०२० मध्ये सुरू झालेल्या आणि पाचगणीशी नाते असलेल्या 'ऑल लिव्हिंग थिंग्ज' महोत्सवाने, कोणीही आपल्या ठिकाणी प्रेक्षक जमवून पर्यावरणपट दाखवावेत, अशी पद्धत रुजवली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला पाहुणे येतात. ते गावकऱ्यांच्या घरी उतरतात, जेवतात आणि कासवांबद्दलची माहिती गावातच एकत्र बसून समजून घेतात. म्हणजे पद्धत काही नवी शोधायची नाही. ती आपल्या गावात आणायची आहे, आणि आणताना तिला आपल्या गावचे प्रश्न द्यायचे आहेत.

आपल्या गावचा प्रश्न म्हणजे कसा, याचे एक उदाहरण देतो. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एक बिबट्या विहिरीत पडला. विद्या अथ्रेया आणि वनखात्याच्या मंडळींनी त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. वयस्क आणि शांत म्हणून त्याचे नाव ठेवले 'आजोबा'. या आजोबांनी महिन्याभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वाट चालून थेट बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान गाठले. कसाऱ्याजवळ महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडला, वसईकडच्या कारखान्यांजवळून गेले, उल्हासची खाडी पार केली आणि वाटेत एकाही माणसाला इजा केली नाही. ज्या मार्गावर आपण रोज धक्के खात प्रवास करतो, तेथून ते रात्री गुपचूप निघून गेले. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर सुजय डहाके यांनी 'आजोबा' हा मराठी चित्रपट केला. तो २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. उर्मिला मातोंडकर त्यात प्रमुख भूमिकेत होत्या.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला एका रहिवासी इमारतीत बिबट्या शिरला. काही जण जखमी झाले, आणि कित्येक तासांनी त्याला पकडण्यात आले. त्या दिवशी त्या जिन्यात अडकलेल्या माणसाला आजोबांच्या शांतपणाची गोष्ट सांगून भागणार नाही. भीती खरी असते. तिला हसणे हा अपमान आहे.

अशा वेळी गावात दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, पकडून न्या. दुसरा म्हणतो, बिबट्या बिचारा, आपणच त्याच्या घरात शिरलो. दोघेही फोनवर एकमेकांना चित्रफिती पाठवतात, आणि त्यांतल्या अर्ध्या भलत्याच गावच्या असतात. 'आजोबा' चित्रपट एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर सर्वांनी मिळून पाहिला आणि नंतर अर्धा तास वनखात्याच्या माणसाला बोलते केले, तर तिसरा आवाज ऐकू येऊ शकतो. पकडून दुसरीकडे सोडलेला बिबट्या तेथे नवा संघर्ष उभा करू शकतो, हे जुन्नर भागातल्या अभ्यासाने दाखवले आहे. कचरा साठला की कुत्री वाढतात, कुत्री वाढली की बिबट्या येतो. म्हणजे बिबट्याचा प्रश्न आपल्या कचराकुंडीपाशी सुरू होतो. २०११ मध्ये बोरिवलीच्या उद्यानाभोवती वनखाते, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून जी मोहीम चालवली, तिचे सार हेच होते. पाड्यांत, सोसायट्यांत, पोलीस ठाण्यांत, पत्रकारांत जाऊन बोलायचे. बिबट्याला शिकवता येत नाही, म्हणून माणसांशी बोलायचे.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. निसर्गपट बहुधा शहरातली माणसे करतात आणि गावातल्या माणसांना दाखवतात. टिटवाळ्याच्या आसपास कातकऱ्यांच्या, ठाकरांच्या वाड्या आहेत. 'जंगल वाचवा' असे त्यांना पडद्यावरून सांगणे म्हणजे पंढरपूरच्या बडव्याला आषाढी कधी असते ते सांगण्यासारखे आहे. तोच चित्रपट नव्या टॉवरच्या क्लब हाउसमध्ये दाखवला तर त्याचा अर्थ एक होतो आणि वाडीवर दाखवला तर दुसरा. काळू नदीचेच घ्या. मुरबाड तालुक्यात या नदीवर धरण बांधण्याचे काम वनविषयक परवानगी नसताना २०११ मध्ये सुरू झाले, आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवले. त्यानंतरही या धरणाची चर्चा वारंवार निघत राहिली. खाली शहरात नळ कोरडा पडतो, तेव्हा माणसाला धरण हवे असते. वर जंगल आणि जमीन बुडणार असते, तेव्हा नको असते. दोघांचेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे, पण दोघे एका पडद्यासमोर कधी बसलेले नाहीत. नदीवरचा एखादा चित्रपट दाखवायचा असेल तर तो दोन्हीकडच्या माणसांना एकत्र बसवून दाखवावा, आणि दिवा लागल्यावर पहिला शब्द वरच्या गावातल्या माणसाला द्यावा. वाद होईल. होऊ द्यावा. माणसे समोरासमोर बसून वाद घालतात तेव्हा निदान पाणी कोठून येते, हे सर्वांना कळते.

आता थोडे व्यवहाराचे. आमच्याकडे कार्यक्रम म्हटला की दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत आणि आभार आलेच. चित्रपट असतो वीस मिनिटांचा आणि शाली वाटण्यात जातो पाऊण तास. मुले पेंगतात, बायका स्वयंपाकाच्या आठवणीने उठतात. ते सारे बाजूला ठेवावे. एका वेळी एकच छोटा चित्रपट आणि त्याला जोडलेला आपल्या गावचा एकच प्रश्न. भाषा परकी असेल तर आवाज कमी करून आपल्यातल्याच कोणी बाजूला उभे राहून सांगावे. पटवर्धनांच्या खेळात हेच तर होते. निर्मात्याची लेखी परवानगी घ्यावी. चित्रपट इंटरनेटवर फुकट दिसतो, म्हणजे तो चौकात दाखवायला मोकळा आहे असे नव्हे. सार्वजनिक प्रदर्शनाचे प्रमाणपत्र आहे ना, हेही पाहावे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. तो नियम येथे सोयीचाच आहे, कारण त्यानंतर बोलायचे असते आणि बोलायला ध्वनिवर्धक लागत नाही.

शेवटी हिशेब. किती लोक आले, किती छायाचित्रे छापून आली, हा काही जमेचा आकडा नव्हे. कर्ज किती वाटले यावरून बँकेची शाखा चांगली ठरत नाही, वसुली किती झाली यावरून ठरते. तसेच याचे आहे. महिन्याभराने जाऊन पाहावे. सोसायटीची कचराकुंडी झाकली गेली का? शाळेच्या मुलांनी नदीकाठच्या पक्ष्यांची यादी केली का? वलगणीच्या पहिल्या चार दिवसांत जाळे टाकायचे नाही, असे एखाद्या आळीने ठरवले का? यांतले एकही झाले नसेल, तर आपण फक्त सिनेमा दाखवला. त्यातही काही पाप नाही. पण मग त्याला मोठे नाव देऊ नये.

एक युक्ती मात्र आवर्जून सांगण्यासारखी आहे, कारण तिला खर्च शून्य आहे. रात्रीचे पतंग अभ्यासणारी मंडळी मोकळ्या जागी पांढरे कापड टांगतात, त्यावर दिवा सोडतात आणि थांबतात. २०१२ पासून जुलैच्या अखेरच्या आठवड्यात जगभर अनेक ठिकाणी असा पतंग सप्ताह होतो. आपल्याकडे तो ऐन पावसाळ्यात येतो, आणि पतंगांची आपल्याकडची वेळही तीच. चित्रपटाचा पडदा आणि पतंगांचे कापड यांत काही फरक नाही. तेव्हा चित्रपट संपल्यावर पडदा लगेच गुंडाळू नये. प्रोजेक्टर बंद करून त्यावर एक साधा दिवा तसाच ठेवावा. दहा मिनिटांत पाहुणे येऊ लागतात. करडे, पिवळे, हिरवट, कोणी नखाएवढे, कोणी तळहाताएवढे. त्यांच्या मागे पाल येते, बेडूक येतो, आणि नशीब असेल तर वटवाघूळ एक झेप घेऊन जाते. मुलांना पडद्यापासून घरी नेणे त्या रात्री कठीण होते. मघाशी आफ्रिकेतले सिंह ज्या कापडावर दिसत होते, त्याच कापडावर टिटवाळ्याचे रहिवासी येऊन बसलेले असतात, आणि त्यांची नावे पुढ्यातल्या मोठ्या माणसांपैकी एकालाही सांगता येत नाहीत. मुले विचारतात आणि मोठ्यांना शोधावे लागते. अभ्यासाची सुरुवात करायला याहून चांगला मुहूर्त नाही.

सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तो माणसांनी एकत्र येऊन काही ऐकावे, बोलावे, ठरवावे म्हणून. महागणपतीच्या गावाला हे वेगळे सांगायला नको. मंडळांच्या कार्यक्रमपत्रिका आषाढातच छापायला जातात. दहा दिवसांत एक संध्याकाळ अजून मोकळी असेल, तर तेथे फक्त एवढे छापावे: सायंकाळी साडेसात वाजता, पडद्यावर एक चित्रपट, नंतर काळू नदीविषयी बोलणे. वाडीवरच्या मंडळींना निमंत्रण स्वतः जाऊन द्यावे. आणि पडद्याच्या मागच्या बाजूलाही चार सतरंज्या टाकून ठेवाव्यात.